जेसोर-खुलन्याचे पाणी आणि फराक्काचा करार

दरवर्षी एप्रिल आला की आपल्या ग्रुपांवर दोन पोस्ट हमखास फिरतात. एकीत लिहिलेले असते की बाबासाहेब हे भारताच्या जलनीतीचे शिल्पकार, दामोदर आणि हिराकूड प्रकल्पांचा पाया त्यांनी घातला. दुसरीत लिहिलेले असते की बाबासाहेबांना संविधान सभेत महाराष्ट्राने नाही, पूर्व बंगालच्या जेसोर-खुलन्याने पाठवले. दोन्ही पोस्ट आपण अभिमानाने पुढे पाठवतो आणि तिथेच थांबतो. या दोन गोष्टी एकमेकींना कुठे भेटतात, हे कोणी विचारत नाही.

त्या भेटतात गंगेवर. पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात, बांगलादेशच्या सीमेपासून वीस किलोमीटरच्या आत, १०९ दरवाजांचा आणि सव्वादोन किलोमीटर लांबीचा फराक्का बंधारा उभा आहे. कोरड्या दिवसांत गंगेचे किती पाणी भारताने हुगळीकडे वळवायचे आणि किती खाली बांगलादेशात सोडायचे, याचा करार १२ डिसेंबर १९९६ रोजी झाला. मुदत तीस वर्षांची. म्हणजे डिसेंबर २०२६ मध्ये ती संपते. या कराराच्या खालच्या टोकाला जो मुलूख आहे तो नेमका जेसोर-खुलन्याचा, नामशूद्रांचा आणि मतुआंचा मुलूख आहे. तरीही हा प्रश्न परराष्ट्र खात्याचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपले कार्यकर्ते म्हणत असतील तर मग ती दुसरी पोस्ट दरवर्षी फिरवायची कशाला?

आधी त्या पोस्टमधली एक ढिलाई दुरुस्त करून घेऊ, कारण विरोधक तिथेच बोट ठेवतात. १९४६ ची संविधान सभेची निवडणूक आजच्यासारखी मतदारसंघनिहाय नव्हती. प्रांतांच्या विधानसभांचे आमदार सदस्य निवडून देत होते. मुंबई प्रांतात काँग्रेसने बाबासाहेबांना वाट बंद केली होती. बंगाल विधानसभेत जोगेंद्रनाथ मंडल यांनी पुढाकार घेतला, अनुसूचित जातींच्या आमदारांचा पाठिंबा उभा केला आणि बाबासाहेब तिथून निवडून आले. स्वतः मंडल बरिसालचे. ज्या समाजाच्या ताकदीवर हे घडले तो नामशूद्र समाज बरिसाल, फरिदपूर, खुलना, जेसोर या पाणथळ जिल्ह्यांत पसरलेला होता. जेसोर-खुलना हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते त्यामुळे. फाळणीत हे चारही जिल्हे जवळजवळ पूर्ण पाकिस्तानात गेले, बाबासाहेबांची बंगालची जागा संपली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. पुढे सीमेच्या अलीकडे पहिले कायदेमंत्री बाबासाहेब झाले आणि पलीकडे पहिले कायदेमंत्री मंडल. १९५० च्या ऑक्टोबरात मंडल राजीनामा देऊन भारतात परतले, ती कहाणी वेगळी आहे.

खुलना पाकिस्तानात का गेला, हे मात्र नीट पाहायला हवे. धर्माचे गणित लावले तर खुलना जिल्ह्यात हिंदूंचे थोडे बहुमत होते आणि त्या हिंदूंत दलितांचा वाटा मोठा होता. उलट मुर्शिदाबाद मुस्लिमबहुल. १५ ऑगस्टला खुलन्यात तिरंगा आणि मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा फडकला. १७ ऑगस्टला रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला आणि झेंडे उलटे झाले. मुर्शिदाबाद भारतात, खुलना पाकिस्तानात. यामागचे कारण नदी होती. गंगेपासून भागीरथी फुटते ती मुर्शिदाबादच्या हद्दीवर, आणि पुढे हुगळी होऊन ती कलकत्त्याच्या बंदराला पाणी देते. कलकत्ता एका देशाला द्यायचा तर त्याच्या बंदराला जगवणाऱ्या नद्याही त्याच्याकडे असायला हव्यात का, हा प्रश्न रॅडक्लिफच्या अहवालातच मांडलेला आहे. उत्तर होय असे आले. बंदर वाचवायचे म्हणून नदीचे मुख भारताला मिळाले आणि मोबदल्यात एक अख्खा जिल्हा पलीकडे टाकला गेला. त्या जिल्ह्यातल्या माणसांना कोणी विचारले नाही. बंदर कोणाचे होते? ताग आणि चहा बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांचे, कलकत्त्याच्या भद्रलोकांचे. पाणथळीत कंबरभर पाण्यात उभे राहून भात आणि ताग पिकवणाऱ्याचे ते कधीच नव्हते.

या पाणथळीविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण आपल्याकडे नामशूद्र म्हटले की फक्त मतांचा आकडा डोळ्यांसमोर येतो. त्या भागात जमीन आणि पाणी यांच्यात ठाम रेघ नाही. बिल म्हणजे पावसाळ्यात तळे होणारी खोलगट जमीन. ती लागवडीखाली आणली ती या समाजाने. नावाड्याचे, मासेमारीचे, मातीकामाचे कसब त्याच्याकडे होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आठ महिन्यांचे बांध घालायची जुनी रीत होती, तिला अष्टमासी बांध म्हणत. खारे पाणी चढते त्या महिन्यांत बांध शेत राखायचा आणि पावसाळ्यात नदीला शेतात गाळ टाकायला वाट मोकळी असायची. गाळाने जमीन उंच व्हायची, नदीचे पात्र खोल राहायचे. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात तो हाच, फक्त तो करणाऱ्याला चंडाल म्हणत असत. १८७२-७३ मध्ये याच लोकांनी फरिदपूर-बाकरगंज भागात सवर्णांची कामे बंद केली. मतुआ पंथाचे हरिचंद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचंद यांचे ओराकांदी इथलेच, आजच्या गोपालगंज जिल्ह्यातले. १९११ च्या जनगणनेत चंडाल हा शब्द जाऊन नामशूद्र हा शब्द आला तो त्यांच्या लढ्यामुळे. ज्या मधुमती नदीच्या आसऱ्याने हा मुलूख उभा राहिला, ती गोराईचेच खालचे नाव. आणि गोराई ही गंगेची शाखा, ती हार्डिंज पुलाच्या खाली कुष्टियाजवळ फुटते.

आता पहिल्या पोस्टकडे वळू. जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ च्या जुलैत दामोदरला पूर आला, तट फुटला, रेल्वे आणि रस्ता तुटून कलकत्त्याचा संपर्क खोळंबला, तोही महायुद्ध चालू असताना. इंग्रज सरकारला घाई होती ती पूर अडवायची. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींपुढे बाबासाहेबांनी जे मांडले ते निव्वळ पूर अडवण्यापेक्षा फार मोठे होते. रेल्वे प्रांतांच्या हद्दी ओलांडते म्हणून ती केंद्राकडे आहे. मग हद्दी ओलांडणारी नदी तुकड्या-तुकड्याने प्रांतांच्या हाती का, असा त्यांचा मुद्दा. नदीचे खोरे एकत्र धरा. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक यांचा एकत्र विचार करा. वरचा प्रांत आणि खालचा प्रांत एका मेजावर आणा. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला महानदीविषयी बोलताना त्यांनी पाण्याकडे संकट म्हणून बघण्याच्या सवयीवरच टीका केली. ओरिसाच्या पुरावर समित्यांवर समित्या बसल्या आणि सगळ्यांनी जादा पाणी घालवायचे कसे एवढाच विचार केला, पाणी ही संपत्ती आहे आणि तिच्या अभावी माणूस जास्त मरतो, असा त्यांचा रोख होता.

यातून १९४८ चे दामोदर खोरे महामंडळ आले. मूळ आराखड्यात आठ धरणे होती. महामंडळाच्या हातून झाली चार: तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. राज्यांनी अधिकार सोडले नाहीत आणि खोऱ्याचा विचार अर्ध्यावर राहिला. त्यात विस्थापित झालेल्या संताळ आणि इतर आदिवासींच्या वाट्याला जे आले तेही लपवायचे कारण नाही. बाबासाहेबांच्या नावाने धरणांचा जयजयकार करणाऱ्यांनी मैथन-पंचेतच्या बुडीत गावांतल्या आदिवासींशी एकदा बोलून यावे. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत आंतरराज्य नद्यांच्या तंट्याचे कलम मांडले, आजचे कलम २६२. पुढे १९५६ मध्ये नदी मंडळ कायदा झाला आणि त्याखाली एकही नदी मंडळ प्रत्यक्षात उभे राहिले नाही. तंटा सोडवणारी लवादे भरपूर निघाली, खोरे एकत्र चालवणारे मंडळ निघाले नाही. देशाच्या आतच ही गत, तर देशांच्या सीमेवर काय होणार?

सीमेवर फराक्का झाले. हुगळीत गाळ साचतो, बंदर बुजते, म्हणून गंगेचे चाळीस हजार क्युसेक पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्याने भागीरथीत सोडायचे आणि गाळ धुऊन काढायचा, ही योजना. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर.) पाकिस्तानने १९५१ मध्येच पहिला आक्षेप नोंदवला. काम १९६१ मध्ये सुरू झाले. या सगळ्या काळात बंगालमधला एक अभियंता, कपिल भट्टाचार्य, एकटा ओरडत होता. त्याचे म्हणणे असे की दामोदरचे पूर अडवले की त्यांनी धुतला जाणारा हुगळीचा खालचा भाग बुजणार. फराक्काने तो मोकळा होणार नाही, वर बिहारमध्ये आणि मालदा-मुर्शिदाबादेत पूर वाढतील आणि शेजाऱ्याशी भांडण लागेल. त्याला पाकिस्तानचा हस्तक ठरवले गेले. विरोध करणाऱ्याला शेजारच्या देशाचा हेर म्हणायची पद्धत आजची नाही, हे तरुण मित्रांनी ध्यानात घ्यावे. हल्दियाला आजही सतत गाळ उपसावा लागतो. मालदा आणि मुर्शिदाबादेत गंगेने गावेच्या गावे गिळली. २०१६ मध्ये बिहारच्या मुख्यमंत्र्यांनीच फराक्का पाडण्याची मागणी केली.

भट्टाचार्यांची दामोदरवरची टीका आपल्याला अडचणीची वाटू शकते, कारण त्या योजनेमागे बाबासाहेब होते. मला ती तशी वाटत नाही. खोऱ्याचा एकत्र विचार करा हे तत्त्व आणि चार धरणे बांधून मोकळे व्हा ही अंमलबजावणी, या दोहोंत जे अंतर पडले त्यावरच ती टीका बोट ठेवते. नदी समुद्रापर्यंत जाते, हे अर्धा आराखडा राबवणारे विसरले.

बंधारा चालू झाला २१ एप्रिल १९७५ ला. चाचणी म्हणून, चाळीस दिवसांसाठी, नव्या बांगलादेशाच्या संमतीने. ऑगस्टमध्ये शेख मुजीब यांची हत्या झाली आणि पुढच्या वर्षी भारताने संमतीशिवाय पाणी वळवणे चालू ठेवले. मे १९७६ मध्ये मौलाना भाशानी यांनी राजशाहीहून फराक्काच्या दिशेने हजारोंचा मोर्चा काढला. प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला. १९७७ मध्ये पाच वर्षांचा करार झाला, त्यात एक महत्त्वाची हमी होती: पाणी कितीही घटले तरी त्या दहा दिवसांच्या ठरलेल्या वाट्यापैकी किमान ८० टक्के बांगलादेशला मिळेल. १९८२ आणि १९८५ च्या सामंजस्य पत्रांत ही हमी गळाली. १९८८ नंतर आठ वर्षे काहीच करार नव्हता. १९९३ च्या उन्हाळ्यात हार्डिंज पुलाखालचा प्रवाह दहा हजार क्युसेकच्याही खाली गेला.

मग १९९६ चा करार. देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सही केली, मध्ये ज्योती बसूंनी वजन टाकले. त्यातले गणित समजून घ्या, ते अवघड नाही. १ जानेवारी ते ३१ मे, दर दहा दिवसांचा हिशेब. फराक्काला ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर अर्धे-अर्धे. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार, उरलेले भारताला. ७५ हजारांच्या वर असेल तर भारताला ४० हजार, बाकी बांगलादेशला. ११ मार्च ते १० मे या सर्वांत कोरड्या काळात दोघांना आळीपाळीने दहा-दहा दिवस ३५ हजारांची हमी. आणि प्रवाह ५० हजारांच्या खाली गेला तर? तर दोन्ही सरकारांनी तातडीने चर्चा करायची. १९७७ ची किमान हमी परत आलीच नाही.

मी या कराराला थोतांड म्हणणार नाही. करारच नव्हता त्या आठ वर्षांपेक्षा तो कितीतरी बरा आहे, आणि दक्षिण आशियात दोन देशांनी तीस वर्षे रोज एकत्र पाणी मोजत राहणे ही छोटी गोष्ट नाही. पण त्याला शाश्वत विकासाचे सहकार्य म्हणायला मी तयार नाही. ही वाटणी आहे. दोन भावांनी विहिरीचे पाळीचे दिवस ठरवावेत तशी. विहिरीत पाणी येते कुठून आणि बांधाखालच्या शेताचे काय होते, याचा त्यात विचार नाही. करारात कोणत्याही पक्षाला हानी पोहोचू नये असे तत्त्व लिहिलेले आहे. पण पक्ष म्हणजे दोन सरकारे. डुमुरियाचा शेतकरी पक्ष नाही.

खाली काय झाले ते पाहा. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून उन्हाळ्यात गोराईच्या मुखाशी वाळूचा बांध पडू लागला आणि कोरड्या महिन्यांत गंगेचे गोडे पाणी तिच्यात शिरणेच जवळपास थांबले. ओराकांदीच्या मधुमतीपासून खुलन्याच्या रूपशापर्यंत समुद्राचे खारे पाणी वर चढत गेले. प्रामाणिकपणे सांगायचे तर या भागातल्या भैरव, कपोताक्ष यांसारख्या नद्या फराक्काच्या आधीपासूनच मरत होत्या, गंगेचा मुख्य ओघ शतकांपूर्वीच पूर्वेकडे सरकला होता. फराक्काने उरलीसुरली गोडी काढून घेतली. त्याच्या जोडीला १९६० च्या दशकात पाकिस्तान सरकारने परदेशी मदतीने किनारी भागात कायमचे तट बांधले होते, ज्यांना पोल्डर म्हणतात. अष्टमासी बांधांची रीत मोडीत निघाली. गाळ शेतात जाईना, तो नदीच्या पात्रात बसला. नदी उंच झाली आणि तटाच्या आतले शेत खोल. पावसाचे पाणी बाहेर जाईना. खुलन्याच्या बिल डाकातियासारखे प्रदेश वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिले. वरून गोडे पाणी येत नाही आणि खालून साचलेले पाणी जात नाही, अशी दुहेरी कोंडी.

या खाऱ्या पाण्याचा फायदा उठवला तो कोळंबीवाल्यांनी. १९८० च्या दशकापासून शहरी पैसेवाले तटांना भोके पाडून खारे पाणी आत घेऊ लागले, भातशेती संपली, बटाईदार आणि मजूर उघडे पडले. भाताच्या एकराला जितके हात लागतात त्याच्या निम्मेही कोळंबीच्या तळ्याला लागत नाहीत. ७ नोव्हेंबर १९९० रोजी खुलना जिल्ह्यातल्या बावीस क्रमांकाच्या पोल्डरवर कोळंबीवाल्यांच्या विरोधात निघालेल्या मोर्चाच्या पुढे असलेली भूमिहीन बाई करुणामयी सरदार मारली गेली. तिचा स्मृतिदिन तिथले भूमिहीन दरवर्षी पाळतात. आपल्या दिनदर्शिकांत ही तारीख मी तरी पाहिलेली नाही.

त्याच वर्षी बिल डाकातियाच्या लोकांनी, हिंदू-मुसलमान दोघांनी मिळून, सरकारी तट स्वतःच्या हातांनी तोडला. भरतीचे पाणी आत घेतले, गाळ बसू दिला. १९९७ मध्ये बिल भायनाला तेच केले आणि जमीन वर आली, नदी खोल झाली. आधी सरकारने याला गुन्हा मानले, नंतर याच गोष्टीला 'टायडल रिव्हर मॅनेजमेंट' असे इंग्रजी नाव देऊन धोरणात घेतले. अष्टमासी बांध घालणाऱ्यांच्या नातवंडांनी इंजिनियरांना जे शिकवले, ते आता परिषदांमध्ये सादर होते. त्यातही भरपाई मिळते ती जमिनीच्या कागदावर. ज्याच्याकडे कागद नाही त्याने गाळ बसेपर्यंतची वर्षे काय खायचे, हे धोरणात सापडत नाही.

शाश्वत विकास, पर्यावरण, जंगल हे शब्द आपल्याविरुद्ध कसे वापरले जातात, याचा सर्वांत कडू दाखला सीमेच्या अलीकडचा आहे. याच मुलखातून निर्वासित होऊन आलेल्या नामशूद्रांना भारत सरकारने नद्यांच्या देशातून उचलून दंडकारण्याच्या खडकाळ जमिनीवर टाकले होते. १९७८ मध्ये त्यांच्यातले हजारो लोक परत फिरले आणि सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर उतरले. कोणाची मदत न घेता त्यांनी तट घातला, शाळा काढली, दवाखाना उभारला, मासेमारी आणि होड्या बांधायचे काम सुरू केले. पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारने राखीव जंगलाचा कायदा पुढे केला. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली, अन्न-पाणी तोडले, गोळीबार झाला आणि मे महिन्यात वस्ती जाळून माणसे हाकलली. किती मेले याचा सरकारी हिशेब कोणी धड दिला नाही. वाघाला जागा होती. २०११ च्या सप्टेंबरात भारत आणि बांगलादेशाने सुंदरबनाच्या संवर्धनासाठी सामंजस्य करार केला. चांगली गोष्ट आहे, एकच जंगल दोन देशांत आहे. पण संवर्धन हा शब्द ऐकला की मरीचझापी आठवल्याशिवाय राहत नाही.

कराराच्या वरच्या टोकाकडेही बघा. गंगेचे उन्हाळी पाणी वाढवायचे कसे, यावर १९७७ पासून वाद चालू आहे. बांगलादेशचे म्हणणे, नेपाळात साठवण करा आणि नेपाळला चर्चेत घ्या. भारताचे म्हणणे, ब्रह्मपुत्रेतून कालवा काढून गंगेत आणा. आणि नेपाळशी आम्ही वेगळे बोलू, तुमच्याशी वेगळे. दिल्लीचा हा जुना आग्रह आहे: नेपाळशी कोसी-गंडकचे वेगळे करार, बांगलादेशशी फराक्काचा वेगळा, सगळे एका मेजावर कधीच नाहीत. प्रत्येक शेजारी दिल्लीशी बांधलेला आणि एकमेकांपासून तोडलेला. श्रेणीबद्ध विषमता कशी चालते हे बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेबद्दल सांगितले. प्रत्येकाला वरच्याशी एकट्याने भिडायला लावणे हे तिचे बळ. ही तुलना ओढून ताणून केलेली आहे असे कोणाला वाटेल. वाटो. भारत आणि बांगलादेश यांच्यात ५४ सामायिक नद्या आहेत, संयुक्त नदी आयोग १९७२ चा आहे, आणि इतक्या वर्षांत पाणीवाटपाचा पक्का, दीर्घ मुदतीचा करार एका गंगेचाच आहे. तिस्तेचा मसुदा २०११ मध्ये तयार होता, पश्चिम बंगालने तो अडवला.

आणि आता खालच्या टोकाला असण्याची चव दिल्लीलाही कळू लागली आहे. चीनने जुलै २०२५ मध्ये तिबेटात, ब्रह्मपुत्रेच्या वळणाजवळ, महाकाय वीजप्रकल्पाचे काम सुरू केले. भारत माहिती मागतो, आधी विचारले पाहिजे म्हणतो, खालच्यांच्या हिताची भाषा बोलतो. हीच भाषा ढाका पन्नास वर्षे बोलतो आहे. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय नद्यांचा करार मतदानाला आला तेव्हा नेपाळ आणि बांगलादेशाने बाजूने मत दिले, चीनने विरोधात, आणि भारत तटस्थ राहिला. त्या दिवशी तटस्थ राहणाऱ्यांना वाटले असेल की आपण कायम वरच बसणार आहोत.

महाडला २० मार्च १९२७ रोजी जे झाले ते पाण्याच्या वाटणीसाठी नव्हते. सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क आहे, हे तिथे ठरले. १९९६ चा करार महाडच्या आधीच्या जगातला वाटतो. त्यात पाणी आहे, सरकारे आहेत, क्युसेक आहेत, माणूस नाही.

नवा करार होईल तेव्हा तो दिल्ली आणि ढाका यांच्यातच होईल, आणि दोन्हीकडच्या सरकारांना आपापली मते सांभाळायची असतील. आपल्याकडे 'बांगलादेशी' हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो, त्या वातावरणात हे बोलणे सोपे नाही. मतुआ समाजाची मते सर्व पक्षांना हवी आहेत, मधुमतीचे पाणी कोणालाच नको आहे. तरीही मागण्या स्पष्ट करता येतात. १९७७ मधली किमान पाण्याची हमी परत आणा. नेपाळला, आणि जमेल तेव्हा भूतान-चीनला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या एका खोरे-मंडळात घ्या. हा विचार १९४५ मध्ये कलकत्त्यात मांडलेल्या विचाराचाच विस्तार आहे. मालदा-मुर्शिदाबादच्या काठ कोसळलेल्या गावांचे आणि खुलना-जेसोरच्या बिलांतल्या भूमिहीनांचे प्रतिनिधी त्या मंडळावर हवेत, निरीक्षक म्हणून नाही, सदस्य म्हणून. आणि आकडे उघड करा. दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मे दोन्ही देशांची पथके फराक्काला आणि हार्डिंज पुलाला रोज पाणी मोजतात. मोजणीची तिसरी जागा करारात लिहून घ्यावी लागेल, गोराईच्या मुखाशी, आणि तिथला आकडा रोज बंगालीत, खुलन्याच्या बाजारात फळ्यावर लागला पाहिजे.